चालक कुठे?

मी मुळातच भित्रा. लहानपणी विहिरीत डोकवायलाही घाबरायचो, आणि आता म्हातारपणी मोबाईल वाजला तरी मी आधी देवाचं नाव घेतो, मग चष्मा शोधतो. त्या मोबाईलवर हल्ली 'पुढे जे घडलं ते वाचून थक्क व्हाल', 'या माणसाने असं काय केलं?' असले मथळे सारखे येऊन आदळतात आणि घरातली मंडळी वैतागतात. मी वैतागत नाही. ही कारागिरी माझ्या ओळखीची आहे. तरुणपणी परभणीतल्या एका सायंदैनिकात मी हेच काम करायचो. फक्त आमच्याकडे मोबाईल नव्हता, खडू होता आणि एक काळा फळा होता.

पेपर लहान होता. एक कागद, घडी घातली की चार पानं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत एका खोलीत आम्ही बसायचो आणि दुसऱ्या खोलीत छपाईचं मशीन खडखडायचं. पेपर ज्यांचा होता तेच संपादक, तेच जाहिराती गोळा करणार, आणि कंपोझिटर आला नाही तर तेच अक्षरांचे खिळे जुळवायला बसणार. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. दुपारी पेपर छापून झाला की मी फळा घेऊन एसटी स्टँडवर जायचो, फाटकाशेजारच्या कडुलिंबाला तो टांगायचो आणि त्यावर त्या दिवशीचा मोठा मथळा रंगीत खडूने लिहायचो. संध्याकाळी खेड्यांवर मुक्कामाला जाणाऱ्या गाड्या तिथूनच सुटायच्या. त्या गाड्यांत बसणाऱ्या माणसाचा हात खिशाकडे गेला पाहिजे, एवढंच त्या फळ्याचं काम.

"फळा वाचून माणसाचं समाधान झालं की आपण बुडालो," मालक सांगायचे. "त्याला अर्धवट सोडायचं. आणि मथळ्यात माणूस पाहिजे. धरण भरलं तर भरलं, कोणाला काय? पण धरणावर एक माणूस अडकला म्हण, मग बघ."

मला हे पटकन जमलं. भित्र्या माणसाला मथळे चांगले जमतात, असं माझं मत आहे. त्याला माहीत असतं की वाक्य कुठे तोडलं म्हणजे छातीत धस्स होतं, कारण त्याला स्वतःला दिवसभर तसंच होत असतं. येलदरीला मच्छीमाराची होडी उलटली तेव्हा तो पोहून काठाला लागला होता, चहा पिऊन घरीही गेला होता. मी फळ्यावर लिहिलं, 'येलदरीत होडी उलटली! मच्छीमाराची झुंज!' पेपर उडाले. मालकांनी त्या दिवशी मला भजी खाऊ घातली.

आणखी एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या वार्ताहरांकडून बातम्या ट्रंककॉलने यायच्या आणि ते फोन हमखास मधेच कटायचे. म्हणून मालकांचा दंडक होता की फोन लागला की वार्ताहराने आधी मथळा सांगायचा, मग बातमी. लाइन गेलीच तर निदान मथळा हातात राहील. वार्ताहरही तरबेज झाले होते. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, फोन उचलला की थेट "मथळा घ्या!"

विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, ते हे दिवस. कॉलेजं बंद, बाजार बंद, रस्त्यावर जळते टायर. खेड्यांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले होत होते, घरं जाळली जात होती. आमच्या पेपरात जळालेल्या एसटीला पहिल्या पानावर चार कॉलम मिळायचे आणि जळालेल्या घरांना आत चार ओळी. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मी घाबरलेला होतो, आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी आपलं घर दिसतं. माझा मोठा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता.

दादा परभणी-जिंतूर गाडीवर असायचा. आई-वडील गावी शेतावर, आणि परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वहिनीला दिवस गेले होते. दादा ड्युटीवर निघाला की ती दारात उभी राहायची आणि तो वळणावर दिसेनासा झाला तरी आत यायची नाही. त्याला घरी यायला उशीर झाला की माझ्याकडे बघायची. मी पेपरवाला, मला सगळं आधी कळतं, अशी तिची समजूत होती.

दोन दिवस गाड्या बंद होत्या. शनिवारी सकाळी सुरू झाल्या आणि दादा अंधारातच डेपोत गेला. पावसाची रिपरिप होती. मी ऑफिसात जाऊन प्रुफं बघत बसलो. जेवणाच्या सुमाराला फोन वाजला. बोरीचे वार्ताहर होते. बोरी जिंतूरच्याच रस्त्यावर.

"मथळा घ्या!" ते ओरडले. "बोरीच्या अलीकडं जिंतूर गाडी पेटवली. ड्रायव्हर..."

आणि लाइन गेली.

मी रिसीव्हर आपटला, हॅलो हॅलो केलं, एक्स्चेंजला विनवण्या केल्या. तिकडून एकच उत्तर, लाइन बंद आहे. ड्रायव्हर काय? ड्रायव्हर पळाला, ड्रायव्हर वाचला, ड्रायव्हर गेला? ज्या जागी वाक्य तुटावं म्हणून मी रोज डोकं लावायचो, नेमक्या त्याच जागी ते तुटलं होतं. साध्या माणसासारखी साधी बातमी दिली असती, तर लाइन जायच्या आधी तो जिवंत आहे की नाही हे तरी कळलं असतं. पण त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

जाहिरातीचा मजकूर आणायला जातो असं मशीनवाल्याला सांगून मी डेपोकडे धावलो. डेपोच्या फाटकाला कुलूप होतं. आतून कंट्रोलर म्हणाले, "आमालाच काई कळंना गेलंय, बाबा. चार्टवर तर तुझ्या भावाचंच नाव हाय." घर तिथून जवळ होतं, पण मी घराच्या रस्त्याने गेलो नाही. वहिनीने माझं तोंड बघितलं असतं तर मला काही बोलावंच लागलं नसतं.

ऑफिसात परत आलो तर मालकांच्या हाती बातमी लागली होती. फोनवर ऐकता ऐकता मी खरडलेला कागद त्यांना टेबलावर सापडला होता. "अरे, एवढी मोठी बातमी सोडून कुठं गेला व्हतास? चल, काढ मथळा." तो ड्रायव्हर माझा भाऊ आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे आज समजावून सांगता येणार नाही. बोललो तर ते खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं. मी कागद ओढला आणि जे पोटात होतं तेच लिहिलं. 'बोरीजवळ एसटी पेटवली! चालक कुठे?'

मालकांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हणत्यात मथळा. आत बातमी नसली तरी चालंल."

आत बातमी नव्हतीच. चार ओळी होत्या आणि त्यातल्या दोन ओळींत 'अधिक तपशील कळू शकला नाही' हेच दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं होतं.

फळा लिंबाला टांगून मी लिहायला लागलो तेव्हाच गर्दी जमली होती. लाल खडू पावसाने ओला होऊन तुटत होता. 'चालक' हा शब्द मी दोनदा पुसून पुन्हा लिहिला, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बाजूला व्हय की रं, दिसंना गेलंय." लोक पेपर घेत होते, उघडत होते, आत शोधत होते आणि पुन्हा फळ्याकडे बघत होते. आमचा कुठलाच मथळा तसा चालला नव्हता. मी फळ्याला टेकून उभा राहिलो. बोरीच्या बाजूने येणारा प्रत्येक माणूस मला बातमी सांगायला येतो आहे असं वाटायचं, आणि तो पुढे निघून गेला की सुटल्यासारखं व्हायचं.

अशात पोखर्णीची गाडी आत शिरली. मी तिकडे सहज बघितलं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. स्टिअरिंगवर दादा होता. कपाळावर गुलाल, काचेसमोर नारळाची अर्धी वाटी.

मी धावत जाऊन दरवाजाशी उभा राहिलो. तो खाली उतरला तसा मी त्याला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल. दादाला काही कळेना. "अरे, काय झालं? पोखर्णीच्या नरसिंहाला तुझ्या वहिनीसाठी नारळ फोडायचा व्हता, म्हणून गाडी बदलून घेतली. सांगाया टाइम कुठं व्हता?" ड्रायव्हर लोक अशा ड्युट्या तोंडी बदलायचे, चार्टवर नाव तसंच राहायचं. हे मला माहीत असून सुचलं नव्हतं.

बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्या खांद्यावरून फळ्याकडे गेलं. मिठीतच त्याचं अंग ताठ झालेलं मला जाणवलं.

"जिंतूर गाडी?" तो म्हणाला. "ती मी जोडीदाराला दिली."

जोडीदार म्हणजे त्याच्याच बॅचचा ड्रायव्हर. दोघं एकत्र भरती झाले, एका डब्यात जेवायचे. आमच्या घरी तो यायचा, वहिनीला ताई म्हणायचा. तो दलित वस्तीत राहायचा. त्या दिवसांत रस्त्यावर गाड्या अडवून आडनाव विचारतात, असं सगळे सांगत होते. आमचं आडनाव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात चालणारं. त्याचं आडनाव तसं नव्हतं. माझा आनंद जागच्या जागी थिजला आणि त्या आनंदाची मला भीती वाटायला लागली.

दादा फळ्याखालच्या दगडावर बसला. "मी म्हणलं म्हणून गेला त्यो. माझ्या नवसापायी गेला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

थोड्या वेळाने जोडीदाराची बायको आली. सकाळी त्याला जिंतूर गाडीवर बघितलेल्या वस्तीतल्या कोणीतरी फळा वाचून तिला सांगितलं होतं. डोक्यावर पदर, हातात आमचा पेपर. तिला दादा दिसला नाही, मीच दिसलो, कारण माझ्या हाताला लाल खडू होता.

"भाऊ, हे वाचून दावा," ती म्हणाली. "पोरानं वाचलं, पर पुढचं त्याला सापडंना गेलंय."

मी त्या चार ओळी वाचून दाखवल्या. ती ऐकत राहिली. मी थांबलो तरी ऐकत राहिली.

"आन् पुढचं?"

"एवढंच आहे, ताई."

"असं कसं एवढंच?" तिचा आवाज चढला नाही. "तुमाला ठावं असल म्हणून तर तुमी इचारलंय ना? चालक कुठं म्हणून? ठावं नसताना एवढ्या मोठ्या अक्षरात कोण कशाला लिव्हील?"

मथळा वाचणाऱ्या माणसाची आमच्यावर किती श्रद्धा असते, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं की उत्तर माझ्याजवळ आहे आणि मी ते धरून ठेवलंय. मी घाबरून दादाकडे बघितलं. तो उठला आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

ती रात्र कशी गेली हे लिहीत नाही. वहिनीने दादाला ताट वाढलं होतं, ते सकाळी तसंच होतं.

रविवारी दुपारी जोडीदार आला. कडब्याच्या ट्रकमध्ये बसून मोंढ्यात उतरला, डेपोत जाऊन हजर झाला, घरी तोंड दाखवलं, आणि मालकांनी निरोप धाडला म्हणून दादाबरोबर आमच्या ऑफिसात आला. एक बाही फाटलेली, केसांत कडब्याचा भुसा. मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, पण तो बसला नाही.

त्याने सांगितलं ते असं. बोरीच्या अलीकडे रस्त्यावर दगड लावले होते. सगळ्यांना उतरवलं आणि ड्रायव्हरला नाव विचारलं. "मी ह्याचं नाव सांगितलं," तो दादाकडे बघून म्हणाला. "आडनावासकट."

"बरं केलंस," दादा म्हणाला.

त्यांनी त्याला सोडलंही होतं. पण एकाने ओळखलं आणि तो पळाला. कालव्याच्या कडेने धावत एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, पोचला. तिथे एक म्हातारा शेतकरी होता. त्याने काही न विचारता याला कडब्यात दडवलं आणि बैलांना वैरण टाकत बसला. मागोमाग माणसं आली. इकडे कोणी आलं नाही, असं म्हाताऱ्याने सांगितलं. सकाळी त्यानेच ट्रकवाल्याला गाठून याला बसवून दिलं.

मालकांचे डोळे चमकायला लागले होते. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. "अरे, ही तर सोन्यासारखी बातमी," ते म्हणाले. "आग लावायच्या बातम्या रोजच छापतो आपण. ही विझवायची हाय. 'रात्रभर चालकाला कोणी लपवलं?' फळ्यावर एवढंच. बाकीचं आत."

जोडीदाराने हात जोडले. "साहेब, तेवढं नका छापू."

"नाव न्हाई छापत म्हाताऱ्याचं."

"नावाचं काय काम हाय? बोरीच्या अलीकडं, कालव्याच्या कडंला, म्हातारा, एकला ऱ्हातोय. एवढं वाचलं की कोणबी सांगंल. मला हुडकायला आलेल्यांत त्याचा सख्खा पुतण्या व्हता, साहेब. मी कडब्यात पडून ऐकायलो ना, काका काका करायलता. त्या म्हाताऱ्याला त्याच गावात ऱ्हायचंय."

मशीनवाला आतून डोकावून गेला. मालक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि पाठ फिरवूनच मला म्हणाले, "मथळा तू काढ."

कालपर्यंत मला वाटत होतं की भीती म्हणजे आपल्या माणसाचं काय होईल ही. आता मी कधीही न पाहिलेल्या एका म्हाताऱ्याचं घर माझ्या पेनच्या टोकाला आलं होतं. खरं लिहावं तर ते जळेल. अर्धवट सोडावं तर लोक शोधायला निघतील, कारण अर्धवट सोडलेलं शोधायलाच तर आम्ही त्यांना शिकवलं होतं. 'चालक सापडला' एवढंच लिहिलं तरी चौकात पहिला प्रश्न हाच येणार की होता कुठे. उत्तर द्यायलाच हवं होतं, आणि ते इतकं पूर्ण आणि इतकं बेचव हवं होतं की पुढे कोणाला काही विचारावंसं वाटू नये.

मी लिहिलं, 'चालक सुखरूप परतला. रात्रभर उसात बसून होता.'

मालकांनी कागद घेतला, वाचला. "ह्याला मथळा म्हणत्यात व्हय? कोण वाचंल हे?"

त्यांनी जोडीदाराकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि तो कंपोझिटरला दिला. "एक कॉलम. खालच्या अंगाला घाल," ते म्हणाले. "अन् फळ्यावर ह्येच लिही. अख्खं लिही. कालचा प्रश्न तसाच ऱ्हायला नको."

त्या दिवशी मी सगळं उत्तर फळ्यावर लिहून टाकलं. लोक आले, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "हात्तिच्या, उसात व्हता व्हय." आणि गाडीत जाऊन बसले. पेपर कोणी घेतला नाही. गठ्ठा तसाच परत आला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात पडलेला मथळा, आणि परत नेताना मला तो गठ्ठा अजिबात जड वाटला नाही. तरी पुढचे कितीतरी दिवस मी बोरीकडून येणाऱ्या बातम्या जीव मुठीत धरून घ्यायचो. वार्ताहर "मथळा घ्या" म्हणाले की म्हणायचो, "आधी बातमी सांगा. मथळ्याचं मी बघतो."

वर्षं गेली. वहिनीला मुलगी झाली, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. सायंदैनिक बंद पडलं आणि मी दुसऱ्या पेपरात गेलो. त्या ठरावानंतर पंधरा-सोळा वर्षांनी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यानंतर काही महिन्यांनी दादाच्या घरी जेवणाला आम्ही सगळे जमलो होतो. जोडीदारही होता, केस पिकलेले, बायको शेजारी. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. मला फार दिवसांपासून विचारायचं होतं. आता वातावरण निवळलंय, म्हातारा तर कधीच गेला असेल, त्याच्याबद्दल आता तरी लिहायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं.

"तो आखाडा नेमका कोणाचा होता हो?" मी विचारलं. "आता लिहिलं तर चालेल ना?"

तो सुपारी कातरत होता. त्याचा हात थांबला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, दोन्ही बाजूंना, आणि मग आवाज एकदम खाली आणला. घरात सगळी आपलीच माणसं होती, तरीही.

"कोणता आखाडा?" तो म्हणाला. "मी तर उसात व्हतो. तूच छापलं व्हतंस की."